टोपी नाही, तर खेळ नाही

2004 च्या जानेवारीतली गोष्ट. मेलबर्नला जानेवारी म्हणजे ऐन उन्हाळा. तिळाच्या वड्या ताटात लावेपर्यंत गूळ पाघळायला लागतो. आम्ही मराठी मंडळींनी एक हॉल भाड्याने घेऊन हळदीकुंकू ठेवलं होतं. काळ्या साड्यांमध्ये सगळ्याजणी घामाघूम झालेल्या, पंखे नुसतेच गरगरत होते आणि कोपऱ्यातल्या टेबलाभोवती एकच विषय रंगला होता: पोरांना सेकंडरीला कुठे घालायचं.

माझा मुलगा तेव्हा पाचवीत जाणार होता. इथे सातवीपासून सेकंडरी शाळा सुरू होते. म्हणजे वेळ होता तसा. पण चांगल्या म्हणवल्या जाणाऱ्या खासगी शाळांत नाव दोन-तीन वर्षं आधीच घालून ठेवावं लागतं, काहीजण तर मूल जन्मल्या जन्मल्या घालतात, हे एव्हाना आम्हाला कळलं होतं. एक मैत्रीण म्हणाली, "तुमची सरकारी शाळा चांगली आहे गं, शिकवतातही चांगलं. पण संस्कारांचं काय?" दुसरी लगेच म्हणाली, "अगं, परवा प्रधानमंत्रीच म्हणाले की!"

खरंच म्हणाले होते. त्याच आठवड्यात, 20 जानेवारीला, जॉन हॉवर्ड यांची मुलाखत मेलबर्नच्या 'द एज' या दैनिकात आली होती. पालक आपल्या मुलांना सरकारी शाळांतून काढून खासगी शाळांत घालतायत, कारण सरकारी शाळा फार 'पॉलिटिकली करेक्ट' आणि 'व्हॅल्यूज-न्यूट्रल' झाल्यात असं त्यांना वाटतं, असा त्या बोलण्याचा रोख होता. सोप्या मराठीत सांगायचं, तर सरकारी शाळा मुलांना बरंवाईट काही शिकवत नाहीत.

मला तो शब्द लागला. 'व्हॅल्यूज' म्हटल्यावर माझ्या कानांना 'संस्कार' ऐकू आलं आणि हे फक्त माझंच झालं नाही, त्या टेबलाभोवतीच्या आम्हा सगळ्यांचं झालं. परदेशात पोरं वाढवणाऱ्या आईच्या पोटात एक भीती कायमची घर करून असते. मूल हाताबाहेर जाईल, आपलं राहणार नाही, मोठ्यांना उलट बोलेल. ही भीती आम्ही कुणाला बोलून दाखवत नव्हतो. देशाचा पंतप्रधान तीच बोलून दाखवतोय असं वाटलं. हॉवर्ड यांच्या मनातल्या 'व्हॅल्यूज' आणि आमचे संस्कार यांचा एकमेकांशी काय संबंध, हा प्रश्न त्या दुपारी कुणालाही पडला नाही. मलाही नाही.

घरी आल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, "आपण एक-दोन खासगी शाळांत नाव घालून ठेवू या." तो घराच्या कर्जाच्या हप्त्याचा हिशेब घेऊन बसला होता. त्याने मान वर केली आणि नुसता माझ्याकडे बघत राहिला.

---

ती वेळ हॉवर्ड यांनी का निवडली, हे मला पुढे हळूहळू उमगत गेलं. 1996 पासून ते पंतप्रधान होते आणि लागोपाठ तीन निवडणुका जिंकले होते. पण 2 डिसेंबर 2003 ला लेबर पक्षाने मार्क लॅथम यांना नेता केलं. माजी नेते किम बीझली यांच्या विरोधात 47 विरुद्ध 45, अवघ्या दोन मतांनी. लॅथम 42 वर्षांचे, हॉवर्ड 64 चे. पश्चिम सिडनीतल्या ग्रीन व्हॅली या सरकारी घरांच्या वस्तीत वाढलेला हा माणूस तोंडाचा फटकळ होता, पण बोलायचा ते लोकांच्या रोजच्या जगण्याचं. लहान मुलांना रात्री पुस्तक वाचून दाखवा, असं तो जाहीर सभेत आईबापांना सांगायचा. बाप घरात नसलेल्या मुलग्यांना कुणीतरी मोठा, भला माणूस भेटायला हवा, असं म्हणायचा. कष्ट करणाऱ्याला वर चढायला शिडी हवी, हे तर त्याचं पालुपदच होतं. विरोधी पक्षाचा नेता करबिर सोडून झोपताना वाचायच्या गोष्टींवर बोलतोय, हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कान टवकारले होते. मार्चपर्यंत मतचाचण्यांत लेबर पुढे होता.

म्हणजे दोघंही आमच्याच स्वयंपाकघरात डोकावत होते. एक शाळेच्या बाजूने, दुसरा अंथरुणाच्या बाजूने. पोर कसं वाढवायचं, या आमच्या काळजीवर दोन्ही पक्षांनी हक्क सांगितला होता. आणि गंमत नाही, खरंच सांगते, मला दोघांचंही पटत होतं.

दोघंही शिकले मात्र सरकारी शाळांतच. हॉवर्ड सिडनीच्या कँटरबरी बॉइज हायस्कूलमध्ये, लॅथम हर्लस्टोन अॅग्रिकल्चरल हायस्कूलमध्ये. तेव्हाही देशातली दोनतृतीयांशांहून जास्त मुलं सरकारी शाळांतच जात होती. इतक्या पोरांना काहीच मूल्यं मिळत नाहीत, असं सूचित करणं ही लहान गोष्ट नाही. शिक्षक फार दुखावले गेले. आमच्या मुलाच्या शाळेत त्याविषयी उघड कुणी बोललं नाही, पण शाळा उघडली त्या आठवड्यात मुख्याध्यापकांनी घरी पाठवलेल्या पत्रकाच्या तळाशी एक ओळ होती: "आमच्या शाळेत या आणि स्वतः पाहा." एवढंच. ती ओळ त्या मुलाखतीसाठीच होती, हे कुणी सांगायची गरज नव्हती.

या देशात शाळा आणि मतपेटी यांचं नातं जुनं आहे. मी राहते त्या व्हिक्टोरियात 1872 च्या कायद्याने शिक्षण मोफत, सक्तीचं आणि धर्मनिरपेक्ष झालं. त्यानंतर कॅथलिक मंडळींनी आपल्या शाळा स्वतःच्या पैशाने चालवल्या, सरकारी मदतीशिवाय, जवळजवळ नव्वद वर्षं. मग 1962 साली न्यू साउथ वेल्समधल्या गोलबर्न गावात एका कॅथलिक शाळेला सांगण्यात आलं की मुलांसाठी जादा संडास बांधा. शाळेकडे पैसे नव्हते. गावातल्या कॅथलिक लोकांनी आपल्या शाळाच बंद केल्या आणि सुमारे 2,000 मुलांना सरकारी शाळांच्या दारात नेऊन उभं केलं: घ्या, शिकवा आता यांना. तेवढी जागा कुठल्या शाळेत असणार? आठवडाभरात संप मिटला, पण पुढच्याच वर्षीच्या निवडणुकीत पंतप्रधान मेन्झीस यांनी सगळ्या शाळांना, खासगीसुद्धा, विज्ञानाच्या प्रयोगशाळांसाठी केंद्राचा पैसा देऊ केला. तिथून सरकारी तिजोरीतून खासगी शाळांना पैसा जायला लागला तो आजतागायत. हे सगळं मी नंतर वाचलं. वाचलं तेव्हा वाटलं, संडासांवरून सुरू झालेल्या या गोष्टीत निदान एक खरी अडचण होती, हाताने दाखवता येईल अशी.

---

त्या वर्षी फेब्रुवारीत माझे वडील आमच्याकडे आले. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यातल्या एका दुष्काळी गावात त्यांनी जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्य काढलं, शेवटची वर्षं मुख्याध्यापक म्हणून. आई गेल्यावर ते पहिल्यांदाच इतक्या लांब आले होते. रोज सकाळी नातवाला शाळेत सोडायला चालत जायचे आणि फाटकाशी उभे राहून शाळा भरेपर्यंत बघत बसायचे. रस्ता ओलांडून देणारी बाई हातात ती गोल 'स्टॉप'ची पाटी घेऊन उभी असते, तिच्याशी त्यांची मोडक्या इंग्रजीत दोस्ती झाली होती.

एके दिवशी मुलगा घरी आला. डबा काढायला त्याचं दप्तर उघडलं, तर आत टोपी. घडी घातलेली, स्वच्छ. इकडे उन्हाळ्यात शाळांचा एक नियम असतो: 'नो हॅट, नो प्ले'. टोपी नाही, तर खेळ नाही. ऊन कातडीला घातक आहे, कॅन्सर होतो, म्हणून रुंद काठाची टोपी घातल्याशिवाय मुलांना मैदानात सोडत नाहीत. विसरलेल्याने मधल्या सुटीत पत्र्याच्या सावलीत बाकावर बसून राहायचं.

"टोपी घातली नाहीस आज? शिक्षा झाली ना?" मी विचारलं.

"नाही. आज माझी पाळी होती."

"कसली पाळी?"

मग तुकड्या-तुकड्याने कळलं. वर्गात एक नवा मुलगा आला होता, सुदानमधून. मधली काही वर्षं त्याने केनियाच्या निर्वासितांच्या छावणीत काढली होती. त्याच्याकडे टोपी नव्हती. शाळेचे वापरलेले कपडे नि टोप्या पालकच स्वस्तात विकतात, पण ती खोली फक्त शुक्रवारी उघडायची. दुसऱ्याची टोपी तात्पुरती द्यावी, तर उवांच्या भीतीने तीही परवानगी नाही. पहिल्या दिवशी तो मुलगा एकटा बाकावर बसून राहिला, बाकीचे खेळले. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी वर्गाला विचारलं: नियम मोडता येणार नाही, कारण तो तुमच्याच भल्याचा आहे. मग काय करता येईल? मुलांनी बराच वेळ घोळ घातला. कुणी म्हणालं, पैसे गोळा करू. कुणी म्हणालं, आपण सगळेच आत बसू. शेवटी ठरलं की रोज दोघांनी स्वखुशीने टोपी दप्तरात ठेवायची आणि त्याच्याबरोबर सावलीत बसायचं. यादी मुलांनीच केली. एका मुलीने घरून पत्ते आणले.

शुक्रवारी त्याला टोपी मिळाली. तरी सोमवारी तिघंजण सावलीतच बसलेले होते, कारण डाव अर्धा राहिला होता.

अण्णा हे सगळं खुर्चीत बसून ऐकत होते. इंग्रजी शब्द आले की मी मध्ये मराठी करून सांगत होते. त्यांनी नातवाला एकच प्रश्न विचारला, "बाईंनी त्या दिवशी फळ्यावर काय लिहिलं होतं रे?"

"कशाबद्दल?"

"म्हणजे सुविचार वगैरे."

"काही नाही. गणितं होती."

---

त्या रात्री जेवण झाल्यावर अण्णांनी मला एक गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांत ती त्यांनी कधी सांगितली नव्हती.

त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत महाराष्ट्रात मूल्यशिक्षण आलं. परिपाठाला राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, दिनविशेष, बोधकथा हे सगळं आधीपासून होतंच. आता त्यात दहा मूल्यं आली. वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा, संवेदनशीलता, सौजन्यशीलता, स्त्री-पुरुष समानता, राष्ट्रभक्ती, राष्ट्रीय एकात्मता, सर्वधर्मसहिष्णुता, वैज्ञानिक दृष्टिकोन. अण्णांनी ती स्वतःच्या हाताने भिंतीवर तैलरंगात लिहून घेतली. अक्षर त्यांचं मोत्यासारखं.

मग तपासणी आली. साहेबांनी चौथीच्या वर्गात मूल्यं विचारली. एक चुणचुणीत मुलगा उठला आणि दहाच्या दहा घडाघडा म्हणून गेला. साहेबांनी त्याला पुढे बोलावून पाठ थोपटली. शेरेबुकात चांगला शेरा लिहिला. अण्णांचं लक्ष मात्र दारामागे गेलं. तिथे केरसुणी टेकवलेली होती. रोज सकाळी शाळा भरायच्या आधी येऊन वर्ग झाडायचं काम मुली करत होत्या. नुसत्या मुली. त्यातल्या दोघी आधी घरचं पाणी भरून यायच्या, म्हणून त्यांना उशीर व्हायचा आणि हजेरीला त्यांच्या नावापुढे तशी खूण असायची. अण्णा म्हणाले, "तीस वर्षं रोज बघत होतो पोरी. त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पाळ्या लावल्या. आठवडाभर मुलगे झाडणार, आठवडाभर मुली.

गावात हलकल्लोळ झाला. आमच्या पोरांच्या हातात केरसुणी देतो का मास्तर? त्यात ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर. दोन पॅनेलं. एका पॅनेलच्या पुढाऱ्याने पारावरच्या सभेत हा विषय घेतला: मास्तर पोरांना शिकवायचं सोडून झाडलोट करायला लावतो, शाळेत कसले संस्कार होतायत बघा. दुसऱ्या पॅनेलचा पुढारी रात्री गुपचूप घरी येऊन अण्णांना म्हणाला, "गुरुजी, तुमचं बरोबर आहे. पण मी सभेत नाही बोलू शकत, मतं जातील." अण्णांनी त्याला चहा दिला. पाळ्या चालू ठेवल्या. निवडणूक कुणी जिंकली, ते त्यांना आठवतही नव्हतं, की सांगायचं नव्हतं, कुणास ठाऊक. एवढं मात्र आठवत होतं, की पहिल्या आठवड्यात मुलांना केरसुणी धरताच येत नव्हती. सगळा केर वर्गभर उडायचा. मग एका मुलीने त्यांना दाखवलं, खाली वाकून, पुढून मागे कसं झाडायचं ते.

दोन-तीन दिवस मी ती गोष्ट मनात घोळवत होते. खासगी शाळांचे अर्ज मी मागवून ठेवले होते, गुळगुळीत कागदावर छापलेली त्यांची पुस्तकं टेबलावर पडली होती. प्रत्येकीत 'व्हॅल्यूज' हा शब्द पहिल्या पानावर होता. मी ती उचलून कपाटात ठेवली. टाकून मात्र दिली नाहीत.

---

जून उजाडला. इकडचा हिवाळा. अण्णा दोन स्वेटर घालून टीव्हीसमोर बसायचे. त्या महिन्यात हॉवर्ड आणि त्यांचे शिक्षणमंत्री ब्रेंडन नेल्सन यांनी शाळांसाठी पुढच्या चार वर्षांचा निधी जाहीर केला, 31 अब्ज डॉलर्स. त्याला अटी होत्या. आठवड्यातून किमान दोन तास मुलांना शारीरिक खेळ. मूल्यांची चौकट शाळेत ठळकपणे लावायची. आणि प्रत्येक शाळेत चालू स्थितीतला ध्वजस्तंभ हवा, त्यावर देशाचा झेंडा फडकायला हवा.

खेळाची अट मला आवडली, आजही आवडते. ध्वजस्तंभावर मात्र देशभर चर्चा झडली. बहुतेक शाळांत तो होताच की. आमच्या शाळेतही होता, दर सोमवारी सकाळी सहावीची दोन मुलं झेंडा चढवायची.

मला वाटलं, अण्णांना ही अट पटेल. त्यांचं झेंड्याचं प्रेम मी लहानपणापासून पाहिलंय. 15 ऑगस्ट आणि 26 जानेवारीच्या आदल्या रात्री ते दोरी ओढून बघायचे, गाठ तपासायचे, पाकळ्या आत घालून झेंडा स्वतः बांधायचे. गावकऱ्यांनी वर्गणी काढून बांधलेला तो सिमेंटचा कट्टा मला आजही डोळ्यांसमोर दिसतो. अण्णांनी बातमी नीट समजावून घेतली आणि विचारलं, "झेंडा नसला, तर त्या शाळेचे पैसे अडवणार का?"

"तशीच अट आहे म्हणे."

"मग तो झेंडा पोरांचा कसा होणार?" एवढं बोलून ते उठले आणि नातवाचा गृहपाठ बघायला गेले. जुलैत ते परत गावी गेले.

---

9 ऑक्टोबरला निवडणूक होणार, असं जाहीर झालं. प्रचाराला सहा आठवडे. सुरुवातच हॉवर्ड यांनी 'विश्वास कुणावर ठेवाल' या प्रश्नाने केली. त्यांचा अर्थ होता: व्याजदर कोण आटोक्यात ठेवील, घर कोण सांभाळील. ऑगस्टमध्येच 43 निवृत्त राजदूत आणि सेनाधिकाऱ्यांनी जाहीर निवेदन काढलं होतं की सरकारने इराक युद्धाबाबत लोकांना खरं सांगितलं नाही. 2001 च्या निवडणुकीआधी बोटीतून येणाऱ्या आश्रितांनी आपली मुलं समुद्रात फेकली, असं मंत्र्यांनी छातीठोकपणे सांगितलं होतं. तसं काही घडलंच नव्हतं, हे पुढे सिनेटच्या चौकशीत स्पष्ट झालं. शाळांच्या भिंतीवर प्रामाणिकपणा लिहायला निघालेल्यांना या दोन गोष्टींचं उत्तर द्यावंसं वाटलं नाही, याचा मला राग आला होता. आजही येतो.

लॅथम यांच्याकडूनही चूक झाली. सप्टेंबरच्या मध्याला त्यांनी शाळांचं धोरण मांडलं. श्रीमंत खासगी शाळांचा सरकारी पैसा कमी करून हातावर पोट असलेल्या छोट्या खासगी, कॅथलिक शाळांना द्यायचा आणि सरकारी शाळांनाही जास्त पैसा द्यायचा. विचार मला पटला. ज्या शाळांकडे स्वतःचे पोहण्याचे तलाव आणि नाट्यगृहं आहेत, त्यांना माझ्या कराचा पैसा कशाला? पण त्यांनी 67 शाळांची यादी दिली आणि दुसऱ्या दिवसापासून त्या धोरणाचं नाव 'हिट लिस्ट' पडलं. त्यातून कुणाला किती मिळणार, हे कुणी वाचलंच नाही. कुणाचं काढून घेणार, तेवढंच सगळ्यांच्या लक्षात राहिलं.

आमच्या टेबलावरच्या एका मैत्रिणीची मुलगी साध्या कॅथलिक शाळेत होती. या धोरणात ती शाळा फायद्यातच राहणार होती, पण मैत्रीण घाबरली. "आज त्या 67, उद्या आमची," ती म्हणाली. मी तिला कागदावर लिहून दाखवलं. तिने ऐकून घेतलं, मान हलवली, आणि म्हणाली, "तुझं खरं असेल गं. पण हा माणूस चिडका वाटतो मला." मतदानाच्या आदल्या दिवशी रेडिओ केंद्राच्या दारात लॅथम यांनी हॉवर्ड यांचा हात धरून त्यांना जवळजवळ अंगावर ओढलं, ते दृश्य टीव्हीवर पुन्हा पुन्हा दाखवत होते. तिचा फोन आला: "बघितलंस?"

माझं या देशातलं ते पहिलं राष्ट्रीय मतदान. मतदान केंद्र म्हणजे मुलाच्याच शाळेचा हॉल. बाहेर पालक सॉसेज भाजत होते, शाळेसाठी पैसे जमवायला. दोन्ही पक्षांची माणसं फाटकाशी उभी राहून, कुणाला कितवा क्रमांक द्यायचा याचे कागद हातात कोंबत होती. आत पुठ्ठ्याचे आडोसे, दोरीने बांधलेली पेन्सिल, प्रतिनिधिगृहासाठी हिरवी मतपत्रिका आणि सिनेटसाठी टेबलावर मावणार नाही एवढी लांब पांढरी. हिरव्या पत्रिकेवर प्रत्येक चौकटीत क्रमांक लिहायचा असतो, एकही सोडायचा नाही. मी लिहिताना आडोशाच्या वरून भिंत दिसत होती. तिथे पाचवीची चित्रं चिकटवलेली होती. त्यात एक चित्र सावलीचं होतं, पत्र्याखाली बसलेली चार मुलं आणि मधोमध पत्ते.

मी लेबरला मत दिलं. नवऱ्याने हप्त्याचा विचार करून हॉवर्ड यांना. घरी येताना आम्ही त्यावर भांडलो नाही.

---

हॉवर्ड सहज जिंकले. 150 पैकी 87 जागा युतीला, लेबरला 60. पुढच्या वर्षीपासून सिनेटही त्यांच्या हातात आलं. जानेवारी 2005 मध्ये लॅथम यांनी राजकारणच सोडलं.

मूल्यांचं पोस्टर आलं ते 2005 मध्ये. नऊ मूल्यं, मागे सिम्प्सन आणि त्याचं गाढव. पहिल्या महायुद्धात, 1915 मध्ये, तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या लढाईत हा जवान जखमी सैनिकांना गाढवावर बसवून खाली किनाऱ्याकडे आणायचा. चार आठवडेही झाले नाहीत, तोच मारला गेला. पोस्टर शाळेच्या ऑफिसात लागलं. मी ते फोनवर अण्णांना वाचून दाखवलं: काळजी आणि करुणा, जमेल तितकं उत्तम करणं, सगळ्यांना सारखी संधी, स्वातंत्र्य, प्रामाणिकपणा, सचोटी, आदर, जबाबदारी, समजूतदारपणा नि सहिष्णुता. अण्णा बोटांवर मोजत होते बहुतेक. "आमची दहा होती," ते म्हणाले. "चांगली आहेत. गाढव पण चांगलं आहे." त्यांना ते चित्र फार आवडलं असतं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, लंडनच्या बॉम्बस्फोटांनंतर मुस्लिम शाळांचा विषय निघाला, तेव्हा शिक्षणमंत्री नेल्सन म्हणाले की ज्यांना ऑस्ट्रेलियन मूल्यं स्वीकारायची नाहीत, शिकवायची नाहीत, त्यांनी इथून चालतं व्हावं. उदाहरण त्यांनी सिम्प्सनचंच दिलं होतं. मी ते ऐकलं तेव्हा भाजी चिरत होते. सुरी खाली ठेवली. तो सिम्प्सन इंग्लंडमधून आलेला, जहाजावरची नोकरी सोडून पळून इथे उतरलेला, सैन्यात आईच्या माहेरचं आडनाव लावून भरती झालेला. आणि दीड वर्षापूर्वी 'व्हॅल्यूज' ऐकून माना डोलावणाऱ्या आम्ही. आमचे संस्कार त्या शब्दात कधीच धरलेले नव्हते. आम्ही मुसलमान नव्हतो, म्हणून त्या दिवशी ते वाक्य आमच्यासाठी नव्हतं, इतकंच. वर्गातल्या त्या सुदानी मुलाची आई दुसऱ्या दिवशी फाटकाशी भेटली. आम्ही दोघी हवेबद्दल बोललो.

हॉवर्ड 2007 मध्ये हरले, स्वतःची बेनेलाँगची जागासुद्धा गेली. लॅथम कित्येक वर्षांनी, 2019 मध्ये, स्थलांतराला विरोध करणाऱ्या उजव्या वन नेशन पक्षाकडून न्यू साउथ वेल्सच्या वरिष्ठ सभागृहात निवडून आले. शाळांत मुलांना काय शिकवायचं आणि काय नाही, यावर पालकांच्या हक्काचं विधेयक त्यांनी मांडलं, त्यात लिंगओळखीबद्दल शिकवायला बंदी होती. मुलांना गोष्टी वाचून दाखवा म्हणणाऱ्या त्या माणसाला मी मत दिलं होतं. ती बातमी वाचून मला वाईट वाटलं. ते विधेयक ज्या पालकांच्या काळजीवर उभं होतं, ती काळजी मला चांगली ओळखीची होती.

मुलगा सरकारी सेकंडरी शाळेतच गेला. ती गुळगुळीत पुस्तकं एका घरबदलात रद्दीत गेली.

9 ऑक्टोबरच्या रात्री, निकाल जवळजवळ स्पष्ट झाल्यावर, मी अण्णांना फोन केला होता. गावात तेव्हा संध्याकाळ असेल. मी सगळं सांगितलं, कुणाला किती जागा, माझं मत कसं वाया गेलं, नवऱ्याचं कसं कामी आलं. त्यांनी हूं हूं करत ऐकून घेतलं. मग विचारलं, "तिकडे उन्हाळा लागला असेल ना आता?"

"लागतोय. या आठवड्यापासून शाळेत टोप्या सुरू झाल्या परत."

"त्या पोराची टोपी पुरतीय का त्याला? वाढीचं वय आहे."

मला माहीत नव्हतं. "विचारते," मी म्हणाले, आणि सोमवारी विचारलं. लहान झाली होती.